पाच मिनिटात आलोच

नाही जी कुंदनभाऊ, तिथं नाही. माह्या लॉगिनमंदी तं स्क्रीनसेव्हर मी कधीचाच बदलला, तिथं आता फुलं येते. हा लॉगिनच्या पहिलेचा हाये — पासवर्ड टाकाची जी स्क्रीन असते ना, ती दोन मिनिटं तशीच सोडली का अक्षरं फिराले लागते. थांबा, माऊसले हात नका लावू — हे पाहा, आलंच. वाचा. आलोच, पाच मिनिट. मराठीत अक्षरं मोडत होती म्हणून इंग्रजी अक्षरात टाकलं. कोणी म्हंजे? माह्या मालकानं जी, धर्मेंद्र. या शाळेचे क्लर्क पहिले तेच होते, हे खुर्चीबी त्याईचीच. लॉगआऊट करून चहाले जायचे, अन् टीसीसाठी आलेली माणसं ते वाचून मुकाट्यानं बाकावर बसून राहत. हेडसर चिडायचे अन् हसायचेबी. मंग एक दिवस असेच गेले, अन् टपरीवरच छातीत कळ आली. लोकं मले सांगाले आले तेव्हा इकडं हा कॉम्प्युटर सांगूनच राहिला होता, आलोच म्हणून.

चार वर्षं झाले. अनुकंपावर मले घेतलं. मी खुर्चीत हाये तोवर मी — डबा खाले उठली का दोन मिनिटात तेच येऊन बसते. नवीन पालक येते, वाचते, मले विचारते, सर कवा येते मॅडम? काय सांगाचं?

घाई कायची म्हंजे? आज बाजार हाये ना. माही सासू, पंचफुलाबाई, बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन इथं येते, त्या बाकावर बसते. मी लॉगआऊट करतो, अन् ती ते अक्षरं पाहत राहते. वाचता येत नाही तिले. पहिल्यांदा आली तेव्हा विचारलं, काय लिहून ठेवलं वं त्यानं? रडून राहिली होती जी, थांबतच नव्हती — मी सांगून देलं, 'आई, बस, आलोच.' आई हा शब्द माह्या मनचा. बस बी माह्याच मनचं. पण रडणं थांबलं ना. तेव्हापासून एक बाजार चुकला नाही तिचा. अन् आज ते धाकट्या सुनेले आणून राहिली, दीपमालाले. माह्या देराची, अंकुशची बायको, मागच्या महिन्यातच आली, बी.एस्सी. हाये. तिच्याकडून वाचून घेतो म्हणे एकदा. आता सांगा, पोरीनं जे हाये तेच वाचलं तं?

सापडलं? कोणत्याच यूजरचं नसते ते? मशीनचंच असते? हो का. म्हणूनच मी एवढ्या वेळा बदलवलं तरी गेलं नाही. काढा. काही नको त्या जागी, काळं करून टाका.

खरं सांगू का? दीपमालाचं तं हायेच. पण रविवारी पाव्हणे येऊन राहिले, तुमच्याच शहापूरचे. माह्यासाठी. हो जी, माह्याचसाठी. लक्ष्मणराव म्हणून हाये, एसटीत — ओळखता? मंग सांगू नका कोणाले, मी आपलं बोलून गेली. दोनदा भेटलो. बोलणं कमी त्याईचं, पण माह्या चपलेचा अंगठा तुटला होता तं उठले अन् शिवून आणून देला. माह्या मनात हो हाये. अन् नोकरी जात नाही, ते मी विचारून ठेवलं. पण या नोकरीसाठी सासूनं ना-हरकतीवर अंगठा देला तेव्हा मी स्टॅम्पवर लिहून देलं हाये, तिले सांभाळीन म्हणून. सांभाळीनच ना, कोण नाही म्हणते? पण ज्या बाईचा पोरगा पाच मिनिटात येऊन राहिला, तिले सुनेचं लग्न कसं सांगाचं? मीच बसवून ठेवली जी तिले त्या बाकावर. तिच्यासंगं मीबी बसली.

झालं? एवढंच होतं? आता कितीबी वेळ ठेवलं तरी काहीच नाही येणार? पाहा बरं, कसं शांत वाटते. चार वर्षात पहिल्यांदा मले —

या आई. ये वं दीपमाला, बस. हे कुंदनभाऊ, कॉम्प्युटरचे. हो, चालू हाये जी, बंद नाही. थोडं थांबा. नाही, बिघडला नाही... काय म्हणता? गेला म्हंजे? कुठं नाही गेला तो, आई. असं नका म्हणू. डोळे पुसा. पिशवी खाली ठेवा पहिले, कांदे सांडून राहिले.

कुंदनभाऊ, सरका जी बाजूले. सरका म्हणतो ना. ते जागा परत उघडून द्या, मीच टाईप करतो. ए. ए. आय. मंग बस. मंग आलोच. लावा आता. थांबा दोन मिनिटं, कोणी हात नका लावू.

वाच वं दीपमाला. जरा मोठ्यानं वाच.

आयकलं आई? मी काय सांगत होती तुमाले?

तुम्ही निघा जी कुंदनभाऊ. नाही, आता काही बदलाचं नाही. अन् तिकडं शहापूरले कोणी विचारलंच तं सांगजा, बाई कामात हाये. दार लोटून घ्या.