डाव्या हाताची आवणी

नाही, मला एवढंच सांगा, स्वतःच्या आजोबांना काही विचारायला पासवर्ड लागतो का हो? मला लागला! तुम्हाला सांगते, माझा एमएचा प्रबंध, विषय साधाच... आमच्या कान्हे गावात भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, रोपांची पहिली मूठ डाव्या हाताने का लावतात? अहो, सगळे लावतात म्हणून लावतात! पण आमच्या गाइड यशोधरा मॅडम, चष्मा नाकावर ओढून, "सृष्टी, संदर्भ कुठाय?" आता संदर्भ नाही तर प्रबंध नाही, प्रबंध नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरचे बघायचा कार्यक्रम ठेवायला टपलेलेच!

मग काय, शोधलं इंटरनेटवर. आलं काय? गावाजवळ राहायला तिकोणा पेठेतला भाड्याचा बंगला, स्विमिंग पूल, नाश्त्यासकट! त्याखाली, 'डाव्या हाताचा हा उपाय करा, नवरा मुठीत!' मी... वाचलं सगळं, खोटं कशाला बोलू? तर मॅडम, "छे छे! तिथे कुणीही काहीही लिहितं! ग्रंथालयाचा डेटाबेस बघ. तिथलं तपासलेलं असतं."

त्याला पासवर्ड, तो ग्रंथपालांकडे, ग्रंथपाल जेवायला... उघडलं एकदाचं! आणि मिळाला की हो निबंध! 'भूमिदेवता डावीकडे वसते, म्हणून...' मी नाचायचीच बाकी! तळटीप बघते तर, माहितगार : बजरंग आबा, कान्हे. आमचे आबा! माझे सख्खे आजोबा!

तशीच घरी आले. "आबा, ही डावीकडची देवता कुठली?"

"आगं ती व्हय? माज्या उजव्या हातात पेटती विडी असायची. चिखलात बुडवू व्हय? म्हून ती संपस्तवर डाव्यानं लावायचो. माजं बघून समदी लावाय लागली. पर ते लिवून घ्याया सायब एवढ्या लांबनं आल्यालं, त्यास्नी विडी सांगायची? बरं दिसतं का?"

धावत मॅडमकडे. "मॅडम, विडी!"

"संदर्भ कुठाय?"

"आबा म्हणाले!"

"सांगोवांगी चालत नाही. निबंधातलं घे."

"अहो, त्यातही आबाच म्हणालेत!"

"तिथे ते तपासून म्हणालेत!"

लिहिली देवता! झाले पास! गावात पेढे वाटले, सगळ्यांना देवता समजावून सांगितली... आणि यंदाची आवणी. आबांनी विडी सोडलेली, दोन्ही हात मोकळे. उजव्या हातात मूठ घेतली मात्र, अख्खं शिवार ओरडलं, "आबा, डावा! देवी कोपंल!" आबा केविलवाणे माझ्याकडे बघतात, "सृष्टे, आगं सांग की यास्नी, देवी न्हाई, ती विडी व्हती..."

आणि तुम्हाला सांगते, काय करणार, सगळा गाव बघतोय, प्रबंधावर माझं नाव... माझ्याच तोंडून गेलं, "आबा, संदर्भ कुठाय?"