हात हुंगायची रीत

ग्वाम बेटावरच्या इस्पितळात रोसिता नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर गोदीतले दोन जुने कामगार भेटले.

"इनास! तू इथं कसा रे? छातीबिती धरली काय?"

"मला कसली धाड भरलीय, किको! लेकीला आणलंय, आत तपासतायत. फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं."

"लेकीच्या? आरमाराच्या बोटींच्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस खरवडलं आपण. त्या पांढऱ्या भुकटीत आपण लोळलो. ती तर शाळामास्तरीण!"

"डॉक्टरही तेच म्हणाला. गोदीचं तोंड पाहिलं नाही तिनं."

"मग आलं कुठून?"

"पोर फार गुणाची रे. मी कामावरून आलो की फाटकातच गाठायची. थांब, हात धुऊन येतो म्हणायचो, पण तिला कुठला धीर! वडीलधाऱ्यांचा हात नाकाला लावून हुंगायचा, आईनं शिकवलेलं. छातीभर श्वास घ्यायची."

"रोज?"

"रोज. शहाणी म्हणून कौतुक करायचो मी."



रोसिताचं नाव पुकारलं. जाता जाता रीतीप्रमाणे ती म्हाताऱ्यांपुढे वाकली. किकोनं हात पुढे केला.

"माझा राहू दे, पोरी," म्हणत इनासनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.