हात कोणी वर करायचा

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एका बसथांब्यावर टॉरवाल्ड हेगे बसला होता. बायको गेल्यापासून तो परक्यांचं बोलणं ऐकत बसायचा. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं.

"व्हर्ना, तुझ्या सोशल क्रेडिट पक्षाची आज शेवटचीच सभा ना?"

"शाखा बंद करायचा ठराव आहे. सहाच जण उरलोय, आल्फ."

"छत्तीस वर्षं राज्य केलंत. माणशी महिना पंचवीस डॉलर देणार होतात. आले?"

"नाही आले. पण त्या दुष्काळात दुसरं कोणी देतो तरी म्हणालं का?"

"स्वतःच्या नोटा मात्र छापून दिल्यात! दर आठवड्याला पाठीवर एका सेंटचं तिकीट चिकटवा, नाहीतर नोट बाद. तिकिटाचा दिवस आला की जो तो नोट दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा."

"आणि रविवारी सगळ्या चर्चच्या दानाच्या ताटात."

"तिकिटं चाटून पाद्रीबुवांची जीभ सोलून निघाली असेल!"

"हसू नकोस. रस्त्याच्या कामावर तुला मजुरीत मिळालेल्या नोटांना मीच तिकिटं लावली. तो गोंद अजून जिभेवर आहे."

"मग टाका बंद करून."

"कोणीतरी पहिला हात वर करायला हवा. माझ्याच्यानं नाही होणार. तुझीही वर्गणी मी भरते, तुला मत आहे. तू कर. तू तर पहिल्यापासून विरोधात."

मागचा बाक करकरला.

"आल्फ?"

"माझा खांदा दुखतोय."

"काल तर लाकडं फोडत होतास."

"आज दुखतोय म्हटलं ना."

बस आली. टॉरवाल्डनं वळून पाहिलं. आल्फनं बायकोची जड पिशवी खांद्याला लावली होती.