उसातनं शर्यत

अगं, पोरगी शर्यतीत पुढं हाय म्हटल्यावर कुठली आई घाबरते? मी घाबरले. शाळांची तालुक्याची लांब पळायची शर्यत व्हती, आन् वाट उसातनं. आपल्याकडं उसात बिबट्या असतो. खेळाच्या सरांना उसाच्या अलीकडनं फोन आला, "सोनी लई पुढं, एकटीच!" शेवटच्या रेघेपाशी आम्ही उभे व्हतो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उसाकडं बघत व्हते, पातं हाललं तरी दोन पावलं पुढं व्हायचे. बराच वेळ कोणीच येईना. मग चौघी एकदमच भायेर आल्या. माझी सोनी चौथी!

सर वरडले, "पुढं व्हतीस ना गं?"

"व्हते की. पण उसात एकटीनं शिरायचं नसतं. ह्या तिघी येईस्तवर थांबले."

"कोणी शिकवलं तुला हे?"

मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागले.