दुसरा पदर

बीडच्या दवाखान्यातल्या रांगेत माझ्यापुढं माजलगावच्या सिंधुबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक तरुण आई होती, मांडीवर तान्हं.

"मावशी, ह्याचं बी लघवीचं भोक खालीच हाय का?"

"जन्मापासून. दोनदा ऑपरेशन झालं. दोन्ही बारीला टाके उसवून छिद्र पडलं. दोन धारा लागत्यात."

"मग आता?"

"टाक्यावर कातड्याखालचा पातळ पदर घालणार, म्हंजी उसवत न्हाई म्हणत्यात."

"मग टिकंल की!"

"मागल्या बारीला बी घातलता, बाई."

तिनं तान्ह्याचं दुपटं घट्ट गुंडाळलं.

"मुतताना पोरं हसत्यात म्हणून शाळेत ह्यो पाणीच पीत न्हाई. मास्तरला वाटतं, दुष्काळ हाय, गावात टँकर आला नसंल."

नर्सनं तान्ह्याचं नाव पुकारलं. आई उठली आणि बाहेरच्या दाराकडं निघाली.

"अगं, तुजा नंबर आलाय!"

"ऱ्हाऊ द्या, मावशी."