मशीन चालायला लागली

तुम्ही हसाल, पण ऐका. पंधरा महिन्यांचा झाला तरी माझा गोलू चालत नव्हता, मला तोच घोर. त्यात नव्या वॉशिंग मशीननं कपडे पिळायला घेतले आणि ती धडधडत जागेवरून निघालीच. मी मेकॅनिकला फोन लावला.

"भाऊ, मशीन चालायला लागली!"

"मग चांगलंय ना, ताई!"

"अहो, मोरीच्या दारापर्यंत आली!"

"आधी बटण बंद करा! पाय वरखाली झालेत तिचे. येतो मी."

बटण बंद करून वळले, तर गोलू भिंत सोडून माझ्याकडे चार पावलं चालत आला! सासूबाई ओरडल्या, "सगळं बठ्ठं घरच चालाले लागनं व माय!"

फोन चालूच होता. भाऊ घाबरून म्हणाला, "ताई, आता आणखी काय चालायला लागलं?"