सरकारी पेटी भरेचना

मापात पाप म्हणता ना तुमी, मग हे ऐका. निजामाच्या राज्यात वारंगा फाट्याच्या रस्त्यावर मी अन् माझी थोरली जाऊ गोदाबाई खडी फोडायला जायचो. बिनबुडाची लाकडी पेटी जमिनीवर ठेवायची, ती खडीनं भरली की मजुरी. पण ती लवकर भरायचीच नाही. आमाला वाटायचं, ठेकेदारानं पेटीच मोठी केली.

तक्रार तहसिलीत गेली. तिथल्या साहेबांनी लोकल फंडातून पैसे मंजूर करून बराबर मापाची, तशीच बिनबुडाची लोखंडी पेटी बनवून आणली. ठेकेदारानं हसतहसत ती जुन्याच जागी ठेवली. खडीला माती लागू नये म्हणून खाली नेहमीसारखं पोतं अंथरलेलं होतंच. आमी टोपल्यावर टोपल्या ओतल्या, तरी पेटी भरेना!

साहेब चक्रावले. "माझ्यासमोर मोजून बनवली. मग खडी जाते कुठं?"

गोदाबाईला राहवेना. तिनं पदर खोचला अन् खडी उपसायला लागली.

"काय करता बाई?"

"कुठवर जाऊन राहिली ते बघते, साहेब."

उपसता उपसता तिचा हात कोपरापर्यंत जमिनीत गेला. पोत्याखाली ठेकेदारानं खड्डा खणून ठेवला होता!

साहेबांनी आमची बुडालेली मजुरी तिथंच त्याच्याकडून वसूल केली. मग गोदाबाईला विचारलं, "आता तर तकलीफ नाही ना?"

ती म्हणाली, "पेटी सरकारनं दिली, लई बरं झालं. आता तिच्याखालची जमीन बी सरकारीच द्या."